उतारावर गाडी धरते का?

वरचा थांबा,
६ मार्च

ठिणगे,

फोन ठेवलास तेव्हा मी चिडले होते, अजून चिडलेलीच आहे, म्हणून लिहायला बसले. फोनवर आपलं कधी धड होत नाही. मी बोलायला लागले की तू मध्ये, तू बोलायला लागलीस की तुझा दादा फोन ओढून घेऊन "जेवलीस का" विचारतो, आणि मुद्दा राहतो बाजूला. इथे घाटावर रेंज नाही. खाली परत निघायला तास असतो, कंडक्टर मागच्या सीटवर घोरत पडलेला असतो. तेव्हा आता पत्रानेच भांडू या. पत्रात तुला मध्ये तोंड घालता येत नाही.

तर ऐक. साहेबांनी काल अख्ख्या डेपोला उभं करून सांगितलं की घाटाच्या फेरीवर विजेची बस येणार. आधी चाचणी होणार, आणि घाटावरची सगळ्यात जुनी ड्रायव्हर म्हणून होकार-नकार माझा. माझ्या सहीशिवाय गाडी घेणार नाहीत. मी मान ताठ करून उभी राहिले. मग त्यांनी कारखान्याचं नाव घेतलं. तुझा कारखाना! सगळे माझ्याकडे बघून फिदीफिदी हसले. आमचा पुढारी, म्हणजे ड्रायव्हर लोकांचा म्होरक्या, तीन माणसं दिसली की भाषण ठोकणारा, तो म्हणाला, "झालं, नणंदेची गाडी आहे. पास झाली समजा." मी म्हटलं, "तुझी बायको बनवत असती ना, तरी मी नीट बघूनच सही केली असती." पण हसणं काही थांबलं नाही.

तुला हे आधीपासून ठाऊक होतं, हो ना? आणि मला नुसतं "वहिनी, एक गंमत आहे" म्हणालीस. ही गंमत?

आता माझं म्हणणं. तुमची वीज काय आभाळातून पडते? कुठेतरी कोळसाच जाळता ना? मग माझ्या गाडीमागचा धूर उचलून दुसऱ्याच्या दारात नेऊन सोडला, एवढंच झालं. आमच्या मिस्त्रीने इंजिनं उघडण्यात उमर घालवली, त्याने काय आता वायरी पुसत बसायचं?

आणि सगळ्यात मोठं म्हणजे घाट. चढायला काय, कुठलीही गाडी चढते. खरी परीक्षा उतरताना. मी इतकी वर्षं गाडी खालच्या गिअरमध्ये टाकून इंजिनावर धरून उतरवते, ब्रेकला नुसता पाय लावते. माझ्या गाडीत आजवर एकाही पॅसेंजरला जळक्या ब्रेकचा वास आलेला नाही. असं डेपोत दुसऱ्या कोणाला म्हणता येणार नाही, पुढाऱ्याला तर नाहीच नाही. तुझ्या गाडीला इंजिन नाही, गिअर नाही. ती उतारावर धरणार कशी, ते मला सांग.

चिडलेली,
वहिनी

०

कारखाना,
१२ मार्च

वहिनी,

हो, ठाऊक होतं. सांगितलं असतं तर तू लगेच "मी नाही बाई त्यात" म्हणून अंग काढून घेतलं असतंस. मला दुसऱ्या कोणाची सही नको होती.

तू विचारलंस ना, उतारावर धरणार कशी? ते माझंच काम आहे. या गाडीची धरायची सगळी व्यवस्था आम्ही चौघांनी केली आणि चौघांची प्रमुख मी आहे. हे फोनवर सांगणार होते, तेवढ्यात दादाने जेवण काढलं.

सोपं आहे बघ. पाय उचललास की मोटर उलटं काम करायला लागते. चाकं तिला फिरवतात, ती वीज तयार करते आणि बॅटरीत परत भरते. त्या कामाचा जो भार चाकांवर येतो, त्याने गाडी धरली जाते, जशी तुझी इंजिनावर धरली जाते तशीच. फरक इतकाच की तुझ्या गाडीत तो सगळा जोर तापून वाया जातो आणि इथे साठतो. तू घाट उतरत जाशील आणि बॅटरी भरत जाईल! मला तर अजूनही ही जादूच वाटते.

आणि हे डोक्यात आलं कुठून माहीत आहे? आई गेल्यावर तू मला सुट्टीत इंजिनाशेजारच्या सीटवर बसवून न्यायचीस. मी सारखी विचारायचे, ब्रेक का नाही दाबत, ब्रेक का नाही दाबत. तू म्हणायचीस, "बाळा, उतारावर गाडी थांबवायची नसते, धरायची असते." आमच्या खोलीतल्या फळ्यावर मी ते मोठ्या अक्षरात लिहून ठेवलंय. इथे सगळे तुला वहिनीच म्हणतात, आमचे साहेबसुद्धा.

कोळशाचं तुझं खरं आहे. वीज अजून बरीचशी कोळशाचीच. पण धूर एका चिमणीतून निघाला तर तिला आवर घालता येतो, रस्त्यावरच्या हजार गाड्यांच्या मागे कोण धावणार? उद्या वीज उन्हावर-वाऱ्यावर व्हायला लागली तर गाडी बदलावी लागणार नाही. डिझेलची गाडी मात्र भंगारात जाईपर्यंत डिझेलच मागणार. मिस्त्रींबद्दल माझ्याकडे चांगलं उत्तर नाही. खोटं कशाला बोलू.

ठिणगी

०

वरचा थांबा,
२३ मार्च

ठिणगे,

प्रमुख झालीस आणि वहिनीला पत्रात चौथ्या ओळीत कळवतेस! लहानपणी प्लगमध्ये पिन खुपसून अख्ख्या घराचा फ्यूज उडवलास तेव्हाच मी तुझं नाव ठिणगी ठेवलं. तेव्हा वाटलं नव्हतं की ही पोर त्याच कामाचा पगार घेईल. पत्र खिशात घालून मी दिवसभर डेपोभर हिंडले. ज्याने विचारलं त्याला सांगितलं, ज्याने नाही विचारलं त्यालाही सांगितलं.

गाडी आली. दिसायला देखणी आहे, नाही म्हणणार नाही. तुमच्या कारखान्याचा एक पोरगा आठवडाभर आम्हाला शिकवायला आहे. पहिल्या दिवशी मी बसले, गाडी हलली, आणि सवयीने माझा डावा पाय क्लच शोधायला गेला. क्लच कुठला असायला! पाय पडला ब्रेकवर, तोही क्लचवर पडतो तसा दणकून. मागे उभे असलेले सगळे एकमेकांच्या अंगावर. पुढारी साहेबांच्या मांडीत जाऊन बसला. आता मी डावा पाय सीटखाली मुडपून ठेवते, दुखतो मेला.

आवाज मात्र अजिबात नाही. मिस्त्री गाडीभोवती दोन फेऱ्या मारून म्हणाला, "बाई, ही जिवंत आहे का गेली, कळायचं कसं?" मला हसू आलं, पण त्याचा चेहरा बघून आवरलं. तो तुमच्या पोराच्या मागे मागे फिरतो आणि काही विचारायचं धाडस करत नाही.

तीनदा घाट उतरवून झाला. धरते गं. चांगली धरते. हे फक्त तुला सांगते आहे, डेपोत अजून तोंड उघडलेलं नाही. तुझी आहे म्हणून मी तिला जास्तच कडक तपासणार आहे, हे लक्षात ठेव. खालच्या डेपोत चार्जर झालाय, वरच्या थांब्यावरही बसवायचं काम चाललंय. तो लागला की दुसऱ्याच दिवशी चाचणी. साहेब, मिस्त्री, पुढारी, सगळे गाडीत बसणार आहेत.

वहिनी

०

कारखाना,
२ एप्रिल

वहिनी,

आज सकाळी आमच्याकडे निरोप आला. घाट उतरताना ब्रेक तापले, धूर निघाला, गाडी मध्येच उभी करावी लागली, चाचणी बंद. तुमचे साहेब वरती लिहिणार आहेत की उतारावर ही गाडी भरवशाची नाही. परवा तुमच्याकडे सभा आहे, तिथे तू नकार दिलास की संपलं.

चाचणीचं विचारायला काल संध्याकाळपासून मी फोन करते आहे, तू उचलत नाहीस. दादा नुसतं म्हणतो, "ती बरी आहे, झोपली आहे." संध्याकाळी सात वाजता तू कधी झोपलीस?

तीनदा उतरवलीस तेव्हा धरत होती, हे तुझ्याच हातचं लिहिलेलं माझ्याकडे आहे. मग चौथ्यांदा, नेमकी सगळ्यांच्या देखत, कशी काय धरली नाही? ब्रेकवर पाय ठेवून उतरलीस का? पुढाऱ्याने नणंदेवरून चिडवलं, ते इतकं लागलं का तुला? चार वर्षं, वहिनी. चार वर्षं मी या एका गोष्टीवर घालवली. तुला जिंकायचं होतं तर मला सरळ सांगायचंस.

ठिणगी

०

कारखाना,
३ एप्रिल

वहिनी,

कालचं पत्र टाकलं आणि घरी येऊन तुझं आधीचं परत वाचलं. वरच्या थांब्यावर चार्जर.

तू फुल्ल भरलीस ना?

तू टाकी अर्धी ठेवून कधी निघालेली नाहीस. वरच्या पंपावर काठोकाठ भरल्याशिवाय तू गाडीला हात लावायची नाहीस, थंडीत रिकाम्या टाकीत पाणी धरतं म्हणायचीस. आणि माझ्या गाडीची बॅटरी भरलेली असली की उताराची वीज ठेवायला जागाच उरत नाही. मग मोटर धरत नाही. पूर्ण भरली की पिवळा दिवा लागतो, तोही मीच ठेवला होता, एवढासा, कोपऱ्यात. आमच्याकडे कोणाच्याही डोक्यात आलं नाही की कोणी डोंगराच्या माथ्यावर चार्जर लावेल. यायला हवं होतं, माझ्या तर नक्कीच.

मी हे अजून कोणालाही बोललेले नाही. बोलले तर गाडी सुटेल, पण सगळं तुझ्यावर येईल. तुझं घाटावरचं नाव मला माहीत आहे. तू सांगशील तेच करेन, आणि गप्प राहा म्हणालीस तर गप्प राहीन. कालच्या पत्रासाठी मला माफ कर.

ठिणगी

०

वरचा थांबा,
६ एप्रिल

ठिणगे,

तुझं पहिलं पत्र सभेच्या दिवशी सकाळी हातात पडलं. वाचलं आणि अंगाची नुसती लाही झाली. ब्रेकवर पाय ठेवून उतरले? जाणूनबुजून? बारा माणसं गाडीत घेऊन? तू समोर असतीस तर दोन थोबाडीत दिल्या असत्या. दुसरं पत्र काल मिळालं, म्हणून आता नीट लिहिते आहे. त्याआधीच जे व्हायचं ते होऊन गेलं होतं.

तू ओळखलंस ते बरोबर. नवाकोरा चार्जर, मीच हौसेने लावला. गाडी जरा भरल्यावर आपणहून थांबली आणि समोरच्या पडद्यावर विचारलं, पुढे भरू का. मी म्हटलं, भर की बाई, विचारतेस काय. पिवळा दिवा मी पाहिला होता. अगं, आमच्या डिझेलच्या गाडीत एक ना एक पिवळा दिवा कायम लागलेलाच असतो, त्याच्याकडे बघत बसलं तर गाडी डेपोबाहेर निघायची नाही!

पहिल्या वळणाला पाय उचलला आणि गाडी पळतच राहिली. धरेना. डावा पाय क्लच शोधतोय, हात गिअर शोधतोय, काही नाही. मग ब्रेक दाबायचा, सोडायचा, पुन्हा दाबायचा, असं करत मोठ्या वळणापर्यंत आणली आणि डोंगराच्या अंगाला लावून उभी केली. गाडीत वास भरला होता. जळक्या ब्रेकचा वास, माझ्या गाडीत. सगळे खाली उतरले. मी एका दगडावर बसून राहिले आणि ब्रेक निवेपर्यंत तिथून हलले नाही.

तिथेच आठवलं. तुमच्या पोराने वर्गात सांगितलं होतं की भरलेली बॅटरी पुढे घेत नाही. त्याच वेळी मी पुढाऱ्याशी कशावरून तरी हुज्जत घालत होते. कानावर पडलं होतं, डोक्यात शिरलं नव्हतं. दोन दिवस मी कोणाशी बोलले नाही. तुझ्या दादाने ओळखलं, म्हणून तो तुला झोपली आहे म्हणत होता.

सभेत मला पुढे बसवलं. पुढारी उभा राहिला आणि म्हणाला, "बाई नसत्या तर आज आपण दरीत असतो. ही गाडी म्हणजे मरणाचा सापळा!" लोकांनी टाळ्या वाजवल्या. साहेब म्हणाले, "मग नकार लिहू ना?" काही म्हणजे काहीच करायचं नव्हतं गं मला. नुसती मान हलवायची. माझं नाव आणखी मोठं झालं असतं, डिझेल राहिलं असतं, मिस्त्रीसुद्धा खूश झाला असता.

मी उभी राहिले. म्हटलं, "गाडीचा दोष नाही. मी वर फुल्ल भरली, भरायची नसते. सांगितलं होतं, मी ऐकलं नाही. ब्रेक माझ्यामुळे जळले." पुढाऱ्याचं तोंड उघडं ते उघडंच राहिलं. इतकी वर्षं जे मिरवलं ते मीच सगळ्यांसमोर उतरवून ठेवलं, आणि खरं सांगू, मान खाली गेली नाही. उलट इतकी ताठ झाली की दुखायला लागली.

साहेब चटकन म्हणाले, "म्हणजे चूक ड्रायव्हरची. मग सही करून टाका, गाडी पास." हेही सोपंच होतं. पण मी सही केली नाही. मी म्हटलं, जी चूक माझ्या हातून झाली ती उद्या कोणाच्याही हातून होईल, आणि त्याच्या मागे साठ पॅसेंजर असतील. माथ्यावर गाडीने आपणहून जागा ठेवून थांबायला हवं, ड्रायव्हरने कितीही बटणं दाबली तरी. धरणं कमी झालं तर कोपऱ्यातला दिवा नको, समोर सरळ शब्दांत सांगायला हवं. आणि माझ्या हाताला एक दांडा हवा, गिअरसारखा, धरणं कमी-जास्त करायला. उतारावर रिकाम्या हाताने बसायला मला जमणार नाही. हे सगळं होईपर्यंत गाडी परत.

तर तुझी गाडी मी नापास केलेली नाही, पण परत पाठवली आहे. आता खुशाल रड. मग डोळे पूस आणि कामाला लाग.

वहिनी

०

कारखाना,
१५ जून

वहिनी,

रडले. मग कामाला लागले.

तुझं पत्र मी बाकीच्या तिघांसमोर मोठ्याने वाचून दाखवलं, थोबाडीत द्यायच्या भागासकट. आमचे साहेब आधी कुरकुरले की दांड्याची काय गरज, पाय उचलला की पुरे आहे. मी म्हटलं, "घाट तुम्ही उतरवणार का?" मग त्यांनी दांड्याला मंजुरी दिली.

दांडा बसवला आहे, सहा टप्प्यांचा, स्टिअरिंगच्या उजव्या हाताला. माथ्यावरचा चार्जर कोणता, हे गाडी आता स्वतः ओळखते आणि जागा राखून थांबते. त्यावर मात करायला बटणच ठेवलेलं नाही. आणि धरणं कमी झालं तर समोर मोठ्या अक्षरांत येतं, "गाडी धरणार नाही, हळू चला." वाक्य तपासायला आलेल्या माणसाने ते जरा शास्त्रीय करा म्हणून सुचवलं. मी अजिबात केलं नाही.

एक आणखी. मिस्त्रींना आम्ही इथे दोन महिने बोलावलं आहे. उपकार म्हणून नाही. ब्रेक, सस्पेन्शन, हवेची नळी यांतलं त्यांना जे कळतं ते आमच्या पोरांना शिकायचं आहे आणि त्यांना मोटर शिकवायची आहे. ते हो म्हणतील का, ते तू बघ.

गाडी पुढच्या आठवड्यात निघते. मला यायचं होतं, पण आले नाही. तुझ्यासमोर उभी राहिले तर तू सही करताना माझ्याकडे बघशील, आणि ते मला नको आहे.

ठिणगी

०

वरचा थांबा,
२८ जून

ठिणगे,

मिस्त्री येतो म्हणाला. आधी अर्धा दिवस रुसला, मग नवी बॅग घेतली. त्याला जेवणात तिखट चालत नाही, लक्ष ठेव.

आता गाडीचं. आधी दोन दिवस रिकामीच उतरवून बघितली, मग काल भरगच्च पॅसेंजर घेऊन घाट उतरले. वर पोटभर चार्ज लावून बघितला, मुद्दाम, सगळी बटणं दाबून. गाडी आपली हट्टाने थांबली ती थांबलीच. मग मी दांडा हातात घेतला. पहिलं वळण, दुसरं, ते मोठं वळण. एकेक टप्पा ओढत गेले आणि गाडी कशी म्हणशील, हाताला धरून चालवावी तशी उतरली. ब्रेकला पाय फक्त खालच्या चौकात लागला. मागच्या सीटवर एक बाई तान्हं मूल घेऊन बसली होती, तिचं मूल घाटभर झोपून होतं. मला गाणं म्हणावंसं वाटलं, पण ड्युटीवर होते.

डेपोत सगळे वाट बघत उभे होते. साहेबांनी पेन पुढे केलं. तेवढ्यात पुढारी मोठ्याने म्हणाला, "बाई, खरं सांगा, नणंदेची गाडी म्हणूनच पास करताय ना?"

मी पेन खाली ठेवलं आणि त्याच्याकडे वळून म्हटलं, "नणंदेची होती म्हणूनच तर परत पाठवली होती. परक्याची असती तर साहेब म्हणाले तेव्हाच सही करून घरी गेले असते. घरच्या माणसाचं काम अर्धवट राहिलेलं मला चालत नाही."

कोणी हसलं नाही. मग मी सही केली, सावकाश, पूर्ण नावाने. पुढारी पहिला पुढे आला आणि उद्या गाडीवर मला शिकवाल का म्हणून विचारलं. मी म्हटलं, शिकवेन, पण आधी मी ब्रेक कसे जाळले ते ऐकावं लागेल. उद्यापासून घाटाच्या सगळ्या ड्रायव्हरांना मीच शिकवणार आहे, आणि सुरुवात तिथूनच करणार आहे.

ठिणगे, मला तुझा फार अभिमान वाटतो. हे एकदाच लिहिते आहे, परत मागू नकोस.

तुझी,
वहिनी